एका सकाळपुरता पिस्टन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पंपावर गाडीत तेल टाकणं. दुसरं काही नाही. देवदर्शन नाही, फोटो नाही, गोड बोलणं तर नाहीच. वेळा अमावस्येच्या आदल्या सांजेला गंगाखेडचा बाजार करून परत चाललो होतो. गाडी पंपावर घेतली. माझी बायको पर्याग मागून उतरली, पिशवीतून तेलाची बाटली काढली, कान मोडलेला चहाचा कप काढला, कपाला आतून एक निळी रेघ होती तिथपर्यंत तेल ओतलं आणि टाकीत रिकामं केलं. मग पुन्हा एकदा. मग त्यावर पेट्रोल. माझं काम एवढंच की मागं सरकून शीटवर बसायचं आणि तोंड रस्त्याकडं करायचं. टाकीत वाकून पाहिलं की ती म्हणायची, "बघू नका. तुमी बघितलं की माजं माप चुकतंय."

पेट्रोल पडलं की झाकण लावून ती मागचा दांडा धरायची आणि गाडी दोन्ही अंगाला हलवायची. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं असं आहे, तिचं तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं, आणि हलवलं नाही तर ते तळाला बसतं. "हलवा की आवो, दगडावानी काय बसलाव!" मी बसल्याजागी बुड हलवायचो. मग ती मागं बसायची आणि माझ्या पाठीवर एक थाप मारायची. थाप म्हणजे चला. तोंडानं 'चला' ती कधी म्हणाली नाही. म्हैस गोठ्यात घालताना मारावी तशी थाप.

त्या सांजेला थाप मारून तिनं वर एक वाक्य जोडलं. "उद्या लवकर निघू. दरसाली भावकीची पूजा उरकती आन आपण रस्त्यात."

मी म्हणालो, "तुजी आंबील लवकर होत न्हाई, गाडीला कामून बोलायलीस?"

झालं. एवढंच. घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही.

आता पुन्हा मार्गशीर्ष सरत आलाय. ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून कणसात दूध भरून उभी आहे. तुरीच्या शेंगा वाऱ्यानं वाजायला लागल्यात. सकाळी हरभऱ्यातून चालत गेलं की आंबट दव धोतराला लागतं आणि पोटऱ्या चुरचुरतात. ही चुरचुर मला लहानपणापासून माहीत आहे, पण औंदा ती जास्त लागते. कातडी म्हातारी झाली म्हणून असेल. गावात सगळीकडं एकच बोलणं, आवस कवा? वेळा अमावस्या म्हणजे आमच्याकडं घरांना कुलूप आणि शिवाराला गर्दी. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, ते पांडव. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, ताकातली आंबट आंबील. आंबील आधी उभ्या पिकात शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. परभणीच्या पलीकडच्या माणसाला हा सण समजत नाही. त्याला वाटतं, हे लोक वावरात जेवायला गेलेत. वावरात जेवायला नाही, वावराला जेवू घालायला जातो आम्ही.

माझं वावर गावापासून दोन कोस, टेकडीच्या पलीकडं. तिकडं एसटी जात नाही, ऑटोवाला वाट बघूनच मान हलवतो. म्हणून ही गाडी घेतली होती, जुनीच, जिनिंगच्या मुनिमाकडून. तवाच ती म्हातारी होती. किक मारली की आधी खोकायची, मग निळा धूर सोडायची, मग फटफट फटफट करत निघायची. राणीसावरगावच्या बाजारात लोक म्हणायचे, "बाजूला व्हा, पर्यागबाईचा धूर आला." धूर जास्त म्हणजे तेल जास्त, आणि तेल तिच्या हातात. मी एकदा म्हणालो, कमी घालत जा, लोक हसायलेत. ती म्हणाली, "हसणारे ढकलायला येतेत का बंद पडली म्हंजी?" धूर तसाच राहिला.

अमावस्येला ती मागं एका अंगाला बसायची, मांडीवर आंबिलीचं मडकं, त्यावर घोंगडीचा तुकडा. दर खड्ड्याला माझ्या पाठीत एक बुक्की. टेकडी उतरताना आंबिलीचा आणि लसणाचा वास गाडीच्या धुरात मिसळायचा. तो वास जगात दुसऱ्या कुठल्या जागी नसेल. कुणी बाटलीत भरून विकणार पण नाही, कारण घेणारा मी एकटाच.

ती गेल्यावर टाकीत तिनं मिसळलेलं पेट्रोल होतं. दिवस-तेरावा झाला, लेक बालाजी पुण्याला परत गेला, पाहुणे पांगले, आणि मला एक दिवस ध्यानात आलं की ह्या घरात तिच्या हाताचं आता एवढंच उरलंय. लोणचं संपलं होतं. मी गाडी जपून काढायला लागलो. वावरात निम्म्या वेळा पायी जायचो, गुडघे वाजवत. गाडी काढली तर टेकडीच्या उताराला इंजन बंद करून घरंगळत न्यायचो. तेवढंच एक घोटभर वाचतं. शेजारची सखू, माझ्या चुलतभावाची बायको, ती म्हणायची, "भावजी, गाडी आसून पायी कामून जायलाव?" मी म्हणायचो, "डागदरानं सांगितलंय." कुठला डागदर आणि कुठलं काय.

शिमग्यापर्यंत पुरलं. मग गाडी खोकली, टाकीखालचा कॉक फिरवून रिझर्वला घेतली, तीपण खोकली. पंपावर नेली.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो, कारण लोक म्हणतात म्हातारा विसरला. मी विसरलो नाही. मी मागं सरकून शीटवर बसलो, झाकण उघडलं, तोंड रस्त्याकडं केलं. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या मागं धूळ. पेट्रोल पडल्याचा आवाज आला. झाकण कुणी लावलं, मीच लावलं असणार. मी वाट बघत बसलो. थापेची. मला तवा हे माहीत नव्हतं की मी थापेची वाट बघतोय. आपण श्वास घेतो ते आपल्याला कुठं माहीत असतं? मागं गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. तो माझ्या पाठीत बसला. मी किक मारली आणि निघालो.

धूर नव्हता. गाडी इतकी हलकी पळत होती की मला वाटलं, म्हातारीला जवानी आली. चढाला लागलो आणि मधेच चूंऽक असा आवाज आला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा, आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी आडवी घसरली. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो. गुडघा फुटला होता. इंजनातून तव्यासारखा वास येत होता. किक मारायला गेलो तर पायाखाली दगड. ना वर, ना खाली.

तवा मला तेल आठवलं.

मागून एक मेंढरंवाला आला, त्याची शे-दीडशे मेंढरं रस्ताभर पसरलेली.

"काय झालं मामा?"

"इंजन धरलं."

"सोडंल की मंग."

"न्हाई सोडत."

त्यानं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मंग आमच्या मेंढरासंगं चला हळूहळू. ती बी पेट्रोलाबिगर चालत्यात."

गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत, मेंढरांच्या मधून गावात आलो. लोकांनी ओट्यावरून पाहिलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गाडी ओसरीत लावली. प्लग काढून भोकातून डिझेल ओतलं. अडकलेला पिस्टन असाच सोडवतात, डिझेल मुरू द्यायचं आणि रोज थोडा जोर लावून बघायचं. मी रोज सकाळी उठून किकवर पाय द्यायचो. दगड. चैत्र गेला, वैशाख गेला. उन्हाळ्यात ओसरीचा पत्रा तापायचा, आत भिंत तापायची, मधे मी आणि गाडी. दोन कोसांवरचं वावर लोकांच्या तोंडून ऐकायचं. कुणी सांगायचं बांध फुटलाय, कुणी सांगायचं लिंब मोहरलाय. गुडघा सुजून बसला तवापासून पायी जायची पण सोय राहिली नाही. सखू भाकरी आणून द्यायची, झाकून ठेवायची. झाकलेली भाकरी आणि झाकलेला माणूस, दोन्हीला वाफ धरते.

पावसाळ्यात बालाजीनं पुण्याला नेलं. लेक चांगला आहे, सून पण चांगली आहे, हे आधी लिहितो म्हणजे कुणी वाकडं बोलणार नाही. पण त्या घराच्या खिडकीला जाळी आणि जाळीपलीकडं दुसऱ्याची जाळी. लिफ्टमधे शिरलं की दार बंद होतं आणि आपण उभ्या नळीत. वर जातोय की खाली, पायाला कळत नाही. मला दर वेळी वाटायचं, आता मधेच धरणार. चूंक. बालाजी म्हणायचा, "आबा, चार पावलं बागेत फिरून या." बागेत माझ्यासारखे लय म्हातारे होते, सगळे गोल फिरत होते. घाण्याचा बैल फिरला की निदान तेल तरी निघतं.

एका सांजेला बालाजी म्हणाला, "गाडी इकून टाकू आबा. भंगारवाला न्हेईल. वावर बटईनं देऊ. आवसंला आपण जाऊ, पूजा करू, आन मंग तुमी इकडंच रहा."

"आवसंला वावरात मी माज्या गाडीवर जाणार."

"कारमधी न्हेतो की."

"तू न्हेणं येगळं, मी जाणं येगळं."

"ती गाडी चालू हाय का?"

"हुईल."

त्यानं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं. आवसंपत्तुर चालू झाली तर जा तिच्यावर. पण मंग माजं ऐकायचं."

मी म्हणालो, "एक सकाळ दे. मंग न्ह्यायचं तिकडं न्हे." असा व्यवहार ठरला. बापलेकात व्यवहार नसावा म्हणतात, पण आमचं त्याच्यावाचून भागत नाही. मला एक सकाळ पाहिजे होती, ती अमावस्येची, ती ह्याच गाडीवर. बाकी जन्म कुणी कुठं ठेवला तरी चालणार होतं.

दिवाळीला गावी आलो. ओसरीत गाडी होती तशी. किकवर पाय दिला, आणि पायाखाली काहीतरी कच्च झालं. केसाएवढं हललं. मग रोज थोडं थोडं करत, मार्गशीर्ष निम्मा सरला तवा बोटाएवढं. मी सखूच्या नवऱ्याला बोलावून इंजन वरून उघडलं, सिलेंडर लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकत ठोकत वर उचललं. आत पिस्टन दिसला. एका अंगानं नीट, दुसऱ्या अंगानं खरवडलेला, कुत्र्यानं हाड चघळावं तसा. मी सिलेंडर आणि पिस्टन पर्यागच्या बाजाराच्या पिशवीत घातले. पिशवीच्या तळाला तेलाचा डाग होता, तिच्या बाटलीचा. म्हटलं, ह्यांची जागा हीच.

एसटीनं गंगाखेड, तिथून परभणी. स्टेशनकडच्या एका बोळात खाजाभाईचं दुकान आहे. अशा जुन्या गाड्यांची त्याला माया आहे, बाकी कुणाची नाही. पिशवी उघडून त्यानं पिस्टन हातात घेतला आणि माझ्याकडं मयताच्या घरी पाहतात तसं पाहिलं.

"काका, ये पिस्टन नै, ये भुट्टा हो गया. तेल कायकू नै डाले?"

"टाकणारी गेली."

 त्यानं पिस्टन कपड्यानं पुसून खाली ठेवला आणि तो मराठीत आला. "बसा. चहा घ्या." अवघड बोलायचं असलं की तो मराठीत येतो.

चहा पिताना त्यानं सिलेंडर उजेडाकडं धरलं. आत उभे ओरखडे, नांगरटीसारखे. म्हणाला, हे आधी तीनदा कापलेलं आहे. पिस्टन झिजला, भिंत झिजली, की भिंत थोडी आतून कापून मोठी करायची आणि एक नंबर मोठा पिस्टन घालायचा, असं तीनदा झालंय. तीनही वेळा मला आठवतात. पहिल्यांदा बालाजी पोटात होता. दुसऱ्यांदा पर्यागच्या बापाचं मयत होतं आणि आम्ही पालमच्या रस्त्यात अडकलो. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, नुसती झिजली.

खाजाभाईनं माझ्यासमोर दोन पिस्टन मांडले. "आता तीन रस्ते हायेत काका. हा बघा नवा, आताच्या मापाचा, डुप्लिकेट. भिंत न कापता पाणीपेपरनं घासून बसवतो. ओरखडे तसेच राहत्याल. खडखड करंल, पण उद्या गाडी चालू. किती चालंल माहीत न्हाई. हा दुसरा, जुन्या मालातला, असली. शेवटचा नंबर हाय, ह्याच्यापुढं कंपनीनं काढलाच न्हाई. ह्याच्यासाठी भिंत एकदा कापावी लागंल, आन त्याच्यापुढं कापायला भिंतच ऱ्हात न्हाई. पुन्ना तेल इसरला तर भंगार. तिसरा रस्ता म्हंजी आत नवी लोखंडी नळी ठोकून घ्यायची. मंग पहिल्या नंबरपासून सगळं नवं. तुमचा नातू चालवंल. पण नळीवाला नांदेडला बसतो, संक्रांतीच्या आत देत न्हाई."

"आवस कवा हाय?"

"तुमची आवस मला काय माहीत?"

"आठवड्यावर आली. मला नातवापत्तुर नको. एक सकाळ चालली तरी बस."

"मंग डुप्लिकेट घ्या," तो म्हणाला. "पैसे बी वाचत्याल."

मी डुप्लिकेट उचलला. चकचकीत, हलका, नव्या नवरदेवासारखा. पिशवीत घालणार होतो. आणि हात थांबला. कुंभाराच्या दुकानातली पर्याग मला दिसली. दर साली अमावस्येच्या आधी ती आंबिलीसाठी नवं मडकं बघायची आणि दुकानातलं प्रत्येक मडकं बोटानं वाजवायची. कान लावून. कुंभार वैतागायचा. म्हणायचा, "बाई, एका दिवसाचा सण, कोनचं बी घ्या." ती म्हणायची, "सण एका दिवसाचा आसतंय, मडकं न्हाई." आणि घेतलं तर घ्यायची, नाही तर जुनंच धुऊन वापरायची. आमचं मडकं सहा-सहा साल टिकायचं.

मी डुप्लिकेट डाव्या हातात धरला आणि खिशातल्या किल्लीनं वाजवला. भद्. ओल्या ढेकळासारखा. मग दुसरा, मेणकागदातला, काढला. वाजवला. टण्णऽ झाला आणि थोडा वेळ हातातच राहिला.

खाजाभाई पोट धरून हसला. "काका, ये मटका है क्या? पूरी जिंदगी में पिस्टन बजाके लेनेवाला आज पहिला गिऱ्हाईक देखा!"

"हाच दे," मी म्हणालो.

"एक सकाळ म्हणला होता."

"सकाळ एकच हाय. पिस्टन एका सकाळचा न्हाई घेत मी."

मग लेथवाल्याकडं गेलो, मागच्याच गाळ्यात. मी म्हणालो, सिलेंडर आधी कापून ठेवा, पिस्टन मग घालून बघू. खाजाभाई म्हणाला, "उलटं असतंय काका. आधी पिस्टन हातात घ्यायचा, त्याचं माप काढायचं, मंगच भिंतीला हात. पायाच्या मापाची चप्पल न्हाई इथं, चपलेच्या मापानं पाय कापायचाय." लेथ फिरायला लागली आणि सिलेंडरच्या आतून काळी बारीक धूळ गळायला लागली, काजळासारखी. ओरखडे गेले. शिमग्याचा तो दिवस गेला, त्याच्या आधीची झीज गेली. भिंत आतून पाण्यासारखी चकाकली. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाटलं नाही. लोखंड होतं, गेलं.

मी पिस्टन आत सोडून पाहिला. कडेनं बोटाला लागेल न लागेल अशी जागा. मी म्हणालो, "सैल वाटतंय. आणखी घट्ट बसवा की."

"घट्ट बसवला की मरतो," खाजाभाई म्हणाला. "गरम झाला की फुगतो हा. फट ठेवावीच लागती. फटीत तेल ऱ्हातं, तेलावर चालतो."

परतीच्या गाडीत मी ह्याच्यावर इचार करत बसलो. लोक नवरा-बायकोला दूध-साखर म्हणतात. आमचं तसं नव्हतं. ती आत निजायची, मी ओसरीत. ती बोलायची ते मी निम्मं ऐकायचो, मी बोलायचो ते ती मुळीच ऐकत नव्हती. दोघांच्या मधे फट होती, आणि चांगली रुंद होती. गरम आम्ही दोघं पण लय व्हायचो. पण धरलं कधी नाही. कारण फटीत तेल होतं. आणि तेल घालायचं तवा मी तोंड रस्त्याकडं करून बसायचो.

गाडी जोडून द्यायला खाजाभाई स्वतः गावी आला, पर्यागबाईच्या गावची भज्जी खायला मिळंल म्हणून. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो सायलेन्सरकडं करायचा, उलटा बसला तर त्याच्यावरच्या कड्या, म्हणजे रिंगा, मोडतात. मी तीनदा विचारलं, बाण बरोबर आहे का. तो म्हणाला, "काका, निकाह मैने पढाया तो दुल्हा सीधाच बैठेगा." किक मारली. आधी खोकली. मग निळा धूर सोडला आणि ओसरी भरून गेली. सखू दारात आली आणि पदर नाकाला लावून उभी राहिली. तो नाकालाच लावला होता का डोळ्याला, मी पाहिलं नाही.

निघताना खाजाभाईनं सगळं समजावलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो तसं, एका सुरात. "नवा पिस्टन हाय. सुरुवातीला पळवू नका. तेल जरा जास्त. चढाला थांबून थांबून. आन काही दिवस मागं कुणाला बसवू नका."

म्हणाला आणि त्याच्या ध्यानात आलं. तो किल्ल्या गोळा करायला लागला.

मी म्हणालो, "न्हाई बसवत."

आज सांजेला बालाजी आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, किक मारून पाहिली, आवाज ऐकून त्याचा चेहरा लहानपणासारखा झाला. "आबा, किती साल चालंल आता ही?"

"ह्याच्यापुढं कापायला भिंत न्हाई म्हणाला."

"म्हंजी?"

"म्हंजी माज्याएवढी."

तो हसला नाही. म्हणाला, "पुण्याचं उद्या बोलू." मी म्हणालो, "उद्या सण हाय." तो म्हणाला, "मंग परवा." परवाचं परवा. गाडी एका सकाळपेक्षा जास्त चालणार आहे, हे त्यालाही आवाजावरून कळलं असेल. मला मात्र अजून कळत नाही की जास्तीच्या सकाळी घेऊन मी काय करू.

आंबील मीच लावलीय, तिच्याच जुन्या मडक्यात. लसूण जास्त झालाय. बालाजी म्हणाला, "सकाळी मी मागं बसू का? मडकं धरतो." मी म्हणालो, "नवा पिस्टन हाय. मागं बसायचं न्हाई." "आन मडकं?" "मडक्याला चालतंय. तू ये सखूकाकूच्या बैलगाडीत." मग कान मोडलेला कप काढला. निळ्या रेघेपर्यंत तेल. दोनदा. त्यावर पेट्रोल. मागचा दांडा धरून एकट्यानं गाडी हलवली. ह्या खेपेला तोंड टाकीकडं होतं, आणि माप चुकलं नाही.

आता सगळं निजलंय आणि उद्याची सकाळ समोर उभी आहे. मला गेल्या सालची दिसते.

गेल्या साली त्या सकाळी मी चुलीजवळ गेलो तर चूल थंड होती. आत आलो, म्हणालो, "उठ की, लवकर निघू म्हणलीस." हात लावला आणि कळलं. मी तिच्याजवळ बसलो. बाहेर भावकीच्या घरांतून भांड्यांचे आवाज येत होते, लेकरं ओरडत होती. मी हाक मारली असती तर सुतक लागलं असतं. सुतक लागलं की आमच्या भावकीत कुणाचीच आंबील वावराला जात नाही, ओतून टाकावी लागते. कोपऱ्यात तिचं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. रात्रीतून आंबील फुगून फडकं वर आलं होतं. भज्जीची तयारी परातीत, उंडे टोपल्यात. सगळं तिच्या हातचं.

मी तिच्या अंगावर घोंगडी नीट केली. मडकं मागच्या शीटला दोरीनं बांधलं. टाकीत तिनं कालच घातलेलं तेल होतं. किक मारली, धूर निघाला. पाठीवर थाप पडली नाही तरी निघालो. टेकडी हळू उतरलो, मडकं हिंदकळू नये म्हणून. शिवारात अजून कुणी नव्हतं. दव होतं, सूर्य यायचा होता. मी आमच्या ज्वारीतून, तुरीतून, हरभऱ्यातून, चारही बांधांनी आंबील शिंपडत फिरलो. दर साली म्हणायचं असतं ते मोठ्यानं म्हणालो. ऐकायला पिकाशिवाय कुणी नव्हतं. शेवटचं पाच दगडांच्या जागी ओतलं. मडकं पालथं करून झाडलं.

त्या साली सगळ्यांत आधी आम्ही पोचलो होतो.

मग परत आलो, गाडी ओसरीत श्टँडला लावली, मडकं आत ठेवलं, हात धुतले, आणि सखूच्या दाराची कडी वाजवली.